पलीकडचं दार

त्या दिवशी दुधाचा टँकर नेहमीच्याच वेळी आला, वळणावर नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजला, आणि तिचा नवरा चुकीच्या दाराने खाली उतरला.

संकलन केंद्रावरच्या मापारणीने हातातलं माप तसंच अधांतरी धरून ठेवलं. लग्न झाल्यापासून तिने त्याला स्टिअरिंगच्या बाजूनेच उतरताना पाहिलं होतं. दार सताड उघडायचा, पायरीवर एक पाय ठेवून घटकाभर उभा राहायचा, सगळ्या गावावरून नजर फिरवायचा आणि मग खाली यायचा, जसं काही गाव त्यानेच टँकरमधून आणून इथे ओतलंय. आज तो पलीकडच्या दाराने, पाठमोरा, पायाने पायरी चाचपडत उतरला. त्या बाजूची पायरी मोडकी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण त्या बाजूने तो कधी उतरलाच नव्हता. स्टिअरिंगवर बसला होता डेअरीतला बदली ड्रायव्हर लंबू, गुडघे पार छातीशी घेऊन.

कॅन घेऊन रांगेत उभं असलेलं कुणीतरी म्हणालंच, "काय हो ड्रायव्हर, आज पाहुणे म्हणून आलात वाटतं?"

"तर काय," तो म्हणाला. "आयुष्यभर दुधाला फिरवून आणलं. आता म्हटलं, आपणही बसून फिरावं."

लोक हसले, तोही हसला. पण त्याचे कान लाल झालेत हे तिला रांगेच्या या टोकावरून दिसलं. त्याने टँकरचा जाड पाईप खांद्यावर घेतला आणि दूध गार ठेवणाऱ्या टाकीच्या तोटीला जोडायला वाकला. कालपर्यंत हे काम लंबूचं होतं.

जाताना तो तिच्या टेबलाशी आला. तिने टेबलाखालची भरलेली बाटली काढून त्याच्या हातात दिली. बुडाखाली इंजिन आणि डोक्यावर पत्रा, केबिनमध्ये नुसती भट्टी असते. फार वर्षांमागे चढावर क्लचवरच्या पायात पेटका आला होता आणि भरलेला टँकर मागे सरकता सरकता राहिला होता. तेव्हापासून लिंबू पिळलेलं, मीठ घातलेलं पाणी ती रोज घरून भरून आणायची आणि तो इथून न्यायचा. त्यात एक दिवस खंड पडला नव्हता.

"काल तर मेडिकलला जाऊन आलात," ती हळूच म्हणाली. "काय झालं विचारलं, तर म्हणालात काय व्हायचंय."

"घरी सांगतो," म्हणून तो वळला आणि सवयीने स्टिअरिंगच्या दाराकडे गेला. तिथून पुन्हा माघारी फिरून गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने चढला. तो वळसा सगळ्यांनी पाहिला.

अवजड गाडी हाकणाऱ्याला परवाना चालू ठेवायचा तर ठरावीक मुदतीने डॉक्टरकडे जाऊन धडधाकट असल्याचा दाखला आणावा लागतो. याआधी तो जायचा, डोळ्यांची अक्षरं वाचायचा, दाखला घेऊन यायचा. या खेपेला डोळे ठीक निघाले, कान ठीक निघाले, गुडघ्यावर हातोडी मारली तर लाथ बरोबर उडाली. दंडाला पट्टा बांधला आणि तिथे घोडं अडलं.

"ब्लडप्रेशर," दुपारी जेवताना ताटाकडे बघत तो म्हणाला. "वरचा आकडा एकशे ऐंशीच्याही पुढे. डॉक्टरीणबाईंनी बसवून बसवून पुन्हा मोजलं. म्हणाल्या, असा दाखला माझ्याच्याने देववणार नाही. आधी खाली आणा, मग या."

"आणि तुम्ही काल तोंड शिवून बसलात."

"सांगून काय खाली आलं असतं?"

"त्रास काही होतो का तुम्हाला? डोकं, छाती?"

"काही नाही," तो म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

मापारीण एकदा कामाला लागली म्हणजे लागली. केंद्रावर तिची जीभ म्हणजे शेवटचं कोर्ट. लॅक्टोमीटर दुधात तरंगवून ती बघायचीच, पण त्यावर तिचा पुरता भरवसा नव्हता. कॅनच्या झाकणातून चार थेंब तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची, आणि दूध खरं असेल तर एकच शब्द बोलायची, "ओत." नसेल तर बोलायचीसुद्धा नाही, कॅन पायाने बाजूला सरकवायची. त्या पायाला गावातले मिशीवाले देखील टरकून असत.

तर ती आता घरात तशीच उभी राहिली. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. खारे दाणे शेजारी गेले. भाजीत मीठ नावाला. कॉलेजात शिकणारी मुलगी दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, आपण दवाखान्यात राहायला आलोय का?"

"बापाला गाडी परत मिळेपर्यंत आलोयच असं समज."

गोळी गिळेपर्यंत ती त्याच्यासमोरून हलायची नाही. वर जीभ उचलून दाखवायला लावायची. तो बिचारा दाखवायचाही. सकाळी बाप-लेक चालायला जायला लागले. तो कुठे पायी चालणारा, रस्त्याच्या मधोमध चालायचा आणि वळणावर आपोआप हात बाहेर काढायचा. मुलगी घरी येऊन नक्कल करायची, तेवढंच घरात हसू.

पण दिवसाचा उरलेला वेळ वाईट होता. अर्धा भरलेला टँकर चालवणं ही गंमत नाही. आत आडपडदे नसतात, धुवायला अडचण होते म्हणून. ब्रेक मारला की आतलं दूध लाटेसारखं पुढे येतं आणि गाडीला ढुशी देतं. तिचा नवरा ब्रेक असा लावायचा की डॅशबोर्डवर ठेवलेला पेला हलू नये. लंबू मात्र कुत्रं दिसलं की कचकन पाय द्यायचा, मग मागून दूध यायचं, गाडी हिसकायची आणि पलीकडच्या सीटवर बसलेल्या ड्रायव्हरचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा. संध्याकाळी त्या पायाची पोटरी दुखायची. ती चोळून द्यायची.

"शिकवा की त्याला," ती म्हणायची.

"सांगितलं. म्हणतो, काका, दाखला तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?"

ती पोटरी चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं, त्याने कुठूनतरी वेल्डिंगवाला गाठून पलीकडच्या दाराची मोडकी पायरी नीट करून घेतली होती. गाडी आपली, मग तिची कुठलीही बाजू का असेना, असा त्याचा हिशेब. तिला बरं वाटलं आणि भरूनही आलं. त्यात ऊन असं तापलेलं आणि आता त्याला पाईप ओढायचं अंगमेहनतीचं काम. म्हणून तिने मोठी बाटली घेतली.

दुसऱ्या तपासणीला ती स्वतः सोबत गेली. दवाखान्याच्या बाकावर तो ताठ बसला होता, नवा शर्ट घालून, हात मांडीवर. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, हवा सोडली, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"थोडं उतरलंय. पण पुरेसं नाही," त्या म्हणाल्या. "गोळी रोज घेता?"

"माझ्यासमोर घेतात," ती म्हणाली.

"जेवणात मीठ?"

"नावाला. लेकीला विचारा हवं तर, रोज बोटं मोडते माझ्या नावाने."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. या दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय असं त्यांना वाटलं हे मापारणीला कळलं. रोज सकाळी ती स्वतः लोकांकडे तशीच बघत असे. गोळी वाढवून मिळाली, दाखला मिळाला नाही.

डेअरीच्या फाटकात सुपरवायझर भेटले. माणूस वाईट नव्हता, पण गाड्या चालत्या ठेवायचं ओझं त्याच्या डोक्यावर होतं. "हे बघा ड्रायव्हर, आणखी एकदा थांबतो. पुढच्या तपासणीत दाखला आणलात तर टँकर तुमचा. नाही आणलात तर लंबूला कायम करतो आणि तुम्हाला कॅन धुण्याकडे घेतो. घरी पाठवत नाही, एवढं माझ्या हातात आहे."

कॅन धुणं. रस्त्याकडे पाठ करून, गरम पाण्याच्या वाफेत, दिवसभर. तो "बरं साहेब" म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की सुपरवायझरांना पुन्हा विचारावं लागलं.

बसमधून उतरून घराकडे चालताना तिच्याने राहवेना. "खरं सांगा. वाटेत काय खाता?"

"काही नाही."

"ढाब्यावर थांबत असाल. लंबू खातो, तुम्ही बघत बसता होय?"

"बघत बसतो."

"मग ते उतरत का नाही? मी घरात मिठाच्या कणाकणावर पहारा देते. लेकीला बेचव खाऊ घालते. आणि तुम्ही..."

तो थांबला. भर रस्त्यात त्याने पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. एक रुमाल, बसचं तिकीट, किल्ली. मग शर्टाची बटणं काढली, शर्ट अंगातून उतरवला आणि तिच्यापुढे धरला.

"घे. वास घे."

आणि तिने तो खरंच घेतला. नाकाशी नेला. घाम, डिझेल आणि दूध. दुसरं काही नव्हतं. ती मान वर करेपर्यंत तो गंजिफ्राकावरच पुढे निघून गेला होता. त्याच्या मानेवर उन्हाचा काळा पट्टा आणि खाली पाठ पांढरीफटक. हा माणूस म्हातारा व्हायला लागलाय, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि आपण त्याच्याशी चोरासारखं वागलो हेही वाटलं. पण शंका काही जाईना.

मग काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं राहिलं.

उन्हाळा चढला तशा गाई आटत चालल्या आणि रांगेतले कॅन हलके झाले. अशा दिवसांत काही जणांच्या कॅनमध्ये विहीर मदतीला येते. पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली बसतो, मग तो वर यावा म्हणून लोक मीठ घालतात. काचेची नळी फसते. मापारणीची जीभ फसत नाही.

त्या सकाळी काकींचा कॅन आला. काकी म्हणजे ड्रायव्हरची सख्खी चुलती, भिंतीला भिंत लागून घर, आणि तोंड असं की वाऱ्याने मागे वळावं. मापारणीने झाकणातले चार थेंब तळहातावर घेतले, जिभेला लावले. मग गप्पपणे कॅन पायाने बाजूला सरकवला.

रांगेतल्या माना वळल्या.

"का गं, सूनबाई?" काकी म्हणाल्या. "घरच्या माणसाला पाय लावतेस?"

"कॅनला लावला, काकी. मीठ आहे दुधात."

"मीठ! माझ्या गाईने खाल्लं असेल."

"गाईने खाल्लं तर गाईत राहतं. हे तुमच्या हातचं आहे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. काकींचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"असं? चिमूटभर मिठासाठी चारचौघांत माझी अब्रू काढतेस? आणि तू गं? घरात मीठ बंद, घरात मीठ बंद म्हणून गावभर डांगोरा पिटतेस, मग परवा माझ्याकडून वाटीभर मीठ उसनं कशाला नेलंस? मागच्या आठवड्यातही नेलंस. भाजीत नाही, आमटीत नाही, मग जातं कुठं एवढं? सांग की."

मापारणीने मनात हिशेब मांडून पाहिला.

खरंच की. जातं कुठं?

ती खाली वाकली. टेबलाखाली बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मोठी. तिने झाकण काढलं, चार थेंब तळहातावर घेतले आणि जिभेला लावले. वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने भरलेलं पाणी तिने आज पहिल्यांदा चाखलं. तोंड आखडलं. या पाण्यापुढे काकींचं दूध गोड म्हणायचं.

तिच्या लेखी ते खाणं नव्हतंच मुळी. ते पायासाठीचं औषध होतं. डॉक्टरीणबाईंनी जेवणाचं विचारलं आणि तिने जेवणाचं सांगितलं, छाती पुढे काढून. वर मेहनतीचं काम म्हणून बाटली मोठी केली. आणि रस्त्यात त्याचा शर्ट हुंगला. ती तिथल्याच उलट्या कॅनवर बसली.

काकी घाबरल्या. "अगं, मी आपलं बोलले... नको घेऊस माझं दूध, पण अशी बसू नकोस."

"तुम्ही बरोबर बोललात, काकी." तिने बाटली उलटी केली आणि सगळं पाणी मोरीत सोडलं. घागरीतून साधं पाणी भरलं. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. डोळे पुसून ती उभी राहिली. काकींनी हळूच कॅनकडे हात नेला, तेव्हा मात्र ती म्हणाली, "कॅन बाजूलाच राहील हं, काकी."

टँकर आला. तो पलीकडून उतरला, पाईप जोडला, आणि बाटलीसाठी हात पुढे केला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "हे काय? फिकं?"

"घरी सांगते," ती म्हणाली.

दुपारी तिने त्याला जेवायलाही बसू दिलं नाही. दारातच सांगून टाकलं. मीठ, बाटली, काकी, सगळं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "तुम्हाला चोर ठरवलं मी. आणि चोर माझ्याच हातात."

तो उंबऱ्यात बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, पोट धरून हसत होता. इतक्या दिवसांत तो असा हसला नव्हता.

"म्हणजे सगळ्या गावाच्या दुधातलं मीठ धरणारी बाई," तो म्हणाला, "आणि घरातला टँकर मात्र खारा."

"हसू नका हो. काही झालं असतं म्हणजे?"

त्याचं हसू थांबलं. त्याने हाताने उंबरा पुसल्यासारखं केलं. "झालं होतं."

"काय झालं होतं?"

"तपासणीच्या आधी. पुलाच्या अलीकडे. डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. गाडी भरलेली, समोरून शाळेची पोरं सायकलवर. कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. डेअरीत सांगितलं, टायर बघत होतो." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू विचारलंस त्रास होतो का. मी नाही म्हटलं. गाडी जाईल म्हणून. डॉक्टरीणबाईंनाही बोललो नाही. तू मीठ घातलंस ते तुला ठाऊक नव्हतं. मला माझी अंधारी ठाऊक होती आणि मी गप्प बसलो."

ती त्याच्या शेजारी बसली. आतून मुलीने विचारलं, जेवायचं वाढू का, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"तिथे जाऊन दोन्ही सांगायचं," शेवटी ती म्हणाली. "माझंही आणि तुमचंही."

"दाखला मिळणार नाही मग."

"नाही मिळाला तर कॅन धुवा. मी मापते, तुम्ही धुवा. पण पुलावर पुन्हा अंधारी नको."

दुसऱ्याच दिवशी जाऊन दोघांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "मीही जेवणाचंच विचारलं," त्या म्हणाल्या. "पिण्याचं विचारायला हवं होतं." त्या अंधारीसाठी त्यांनी हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासायला पाठवलं, आणि ते नीट येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. दोन्ही नीट आलं. पेटक्यांचं विचारलं तर म्हणाल्या, तहान लागायच्या आधीपासून साधं पाणी प्या, आणि आला पेटका तर मला सांगा, मिठाला सांगू नका.

साधं पाणी त्याच्या घशाखाली उतरेना. पहिले काही दिवस बाटली अर्धीच परत यायची. "पाणी पितोय की हवा खातोय कळत नाही," तो कुरकुरायचा. मग सवय झाली. पेटका येईल येईल म्हणून दोघं धास्तावले होते, तो काही आला नाही. सकाळचं चालणं वाढलं. मुलगी म्हणाली, बाबा आता रस्त्याच्या कडेने चालतात, वळणावर हात मात्र अजून काढतात. पँटचा पट्टा एक भोक आत गेला. आणि एक दिवस लंबूने कुत्र्यासाठी ब्रेक मारताना त्याच्याकडे बघून विचारलं, "काका, तुम्ही पाय कसा टेकवता?" त्याने सांगितलं. दाखल्याचा विषय कुणीच काढला नाही.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी नुसतं बसवून ठेवलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. ती भिंतीशी उभी होती. तिच्याच छातीत असं धडधडत होतं की पट्टा तिला बांधला असता तर तीच नापास झाली असती. हवा भरली, हवा सुटली. पुन्हा भरली, पुन्हा सुटली.

"एकशे बत्तीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

तो नुसता स्वतःच्या दंडाकडे बघत राहिला.

"दाखला देते, पण थोड्या मुदतीचा. मुदत संपायच्या आत परत यायचं. मीठ सुटलं म्हणून गोळी सोडायची नाही. आणि डोळ्यांपुढे जरा जरी अंधारलं तर गाडी बाजूला, आणि टायरचं नाव पुढे करायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. या वेळी मोठ्याने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर रांग लागली होती. काकींचा कॅन आला. मापारणीने चार थेंब जिभेला लावले. दूध कमी होतं, पण खरं होतं.

"ओत."

"बघ हो, नीट बघ. नाहीतर मागाहून म्हणशील," काकी म्हणाल्या, पण ओतताना त्यांचा चेहरा फुलला होता.

वळणावर दोनदा हॉर्न वाजला. टँकर आला, थांबला, आणि आतलं दूध जराही डचमळलं नाही. पलीकडच्या नीट केलेल्या पायरीवरून लंबू उतरला आणि मुकाट पाईप ओढायला लागला. मग अलीकडचं दार सताड उघडलं. ड्रायव्हर पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला आणि त्याने सगळ्या गावावरून नजर फिरवली. खाली आल्यावर तो सरळ तिच्या टेबलाशी गेला, टेबलाखालची बाटली स्वतःच काढली, आणि प्यायच्या आधी झाकण उघडून तिच्यापुढे धरली.

रांग बघत होती. तिला लाज वाटली, पण तिने तळहात पुढे केला. त्याने चार थेंब त्यावर टाकले. तिने ते जिभेला लावले, नेहमीसारखे डोळे किंचित मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"ओत."

त्याने मान मागे टाकली आणि बाटली घशात रिकामी केली.